वसईविजेते श्रीमंत चिमाजी आप्पा

यंदाच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर वसईच्या किल्ल्याचे निसर्गचित्र छापले आहे, ते वाचकांनी पाहिलेच असेल. आपल्याच समाजातील एका शाळकरी कन्येने ते जलरंगांत काढले आहे. किल्लाबंदराच्या बाजूस खाडीच्या काठी बसून तिने ते रंगविले. पुढे ओहोटीच्या चिखलात कलंडलेली एक होडी, मागे काळवंडलेला तट, तटाच्या सांध्यांतून बाहेर आलेली वड-पिंपळाची मुळे, पडक्या चर्चची उंच भिंत, तिच्यामागे ताडांची रांग आणि वर पाऊस ओसरल्यानंतरचे स्वच्छ आकाश. रंगांची जाण उत्तम आहे. विशेषतः शेवाळाचा हिरवा आणि दगडाचा काळा हे दोन रंग एकमेकांत मिसळू न देता शेजारी शेजारी ठेवणे सोपे नसते. ते तिला साधले आहे.

संपादक मंडळाने ते चित्र मला दाखविले आणि त्यास शोभेल असा एखादा चरित्रलेख लिहून द्यावा, अशी सूचना केली. चित्रात मनुष्य एकही नाही. तेव्हा चरित्र कोणाचे लिहावयाचे, असा विचार काही वेळ पडला. परंतु ह्या तटासमोर उभे राहून ज्याचे नाव प्रथम मनात येते, तो पुरुष एकच आहे. तो ह्या किल्ल्यात जन्मला नाही, येथे फार दिवस राहिलाही नाही. येथील विजयानंतर दीड वर्षाच्या आसपास तो निवर्तला. त्याचे नाव आपण सभामंडपांना देतो, चौकांना देतो, किल्ल्यात त्याचे स्मारकही उभे आहे. पण त्याचे आयुष्य कसे गेले हे आपल्या मुलांस विचारावे, तर बहुधा एका तोफेच्या गोष्टीपलीकडे उत्तर मिळत नाही. त्या गोष्टीकडे मी पुढे येईन.

चिमाजी बल्लाळ भट हे पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे धाकटे चिरंजीव होत. घराणे मूळचे कोकणातील श्रीवर्धनचे. सिद्दीच्या जाचामुळे बाळाजी विश्वनाथ घाटावर गेले आणि आपल्या कर्तृत्वाने १७१३ साली शाहू छत्रपतींचे पेशवे झाले. थोरले चिरंजीव बाजीराव १७०० साली जन्मले, चिमाजी आप्पा १७०७ च्या सुमारास. मातोश्री राधाबाई ह्या बर्वे घराण्यातील. दोघी बहिणी होत्या. भिऊबाई बारामतीच्या जोशी घराण्यात दिली होती आणि अनुबाई इचलकरंजीच्या घोरपडे घराण्यात. १७२० च्या एप्रिलात वडील वारले आणि वीस वर्षांच्या बाजीरावास पेशवाईची वस्त्रे मिळाली. आप्पा त्या वेळी तेरा वर्षांचे असतील. वडील गेल्यावर थोरल्या भावाकडे घराचे धनीपण जाते आणि धाकट्याकडे घराचे काम येते, ही आपल्या वाड्यांतूनही पाहिलेली गोष्ट आहे. आप्पांच्या वाट्यास असेच काम आले आणि त्यांनी ते वीस वर्षे केले.

बाजीराव हे घोड्यावरचे पुरुष. आज माळव्यात, उद्या बुंदेलखंडात, परवा दिल्लीच्या वेशीवर. अशा भावाच्या मागे घर सांभाळणे म्हणजे केवळ पुण्याचा वाडा सांभाळणे नव्हे. फौजेचा पगार उभा करावयाचा, सावकारांची तोंडे बंद करावयाची, साताऱ्यास शाहू महाराजांचे मन राखावयाचे, दरबारातील विरोधकांवर नजर ठेवावयाची, आणि धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी यांच्यासारख्या गुरूची आणि धनकोची मर्जी सांभाळावयाची. स्वामी एकाच वेळी आशीर्वादही देत आणि कर्जाची आठवणही करून देत. ह्या सर्व पत्रव्यवहाराचा मोठा भार आप्पांवर होता. बाजीरावांच्या पराक्रमाचे पोवाडे होतात. त्यांच्या मागे राहून हिशेब जुळविणाऱ्याचे होत नाहीत.

असे असले तरी आप्पांस केवळ कारभारी समजणे ही मोठी चूक ठरेल. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी माळव्यात अमझेरा येथे त्यांनी मोगल सुभेदार गिरधर बहादूर आणि त्याचा नातलग दया बहादूर ह्या दोघांनाही रणांगणात पाडले. त्या वेळी आप्पांचे वय अवघे एकवीस वर्षांचे. माळव्याचे दार मराठ्यांस खऱ्या अर्थाने ह्या लढाईने उघडले. पुढे १९ एप्रिल १७३६ रोजी रेवसजवळ झालेल्या लढाईत सिद्दी सात त्यांच्या फौजेकडून मारला गेला. ह्याच सिद्दीने १७२७ साली परशुरामाचे देवस्थान लुटले होते. त्यामुळे कोकणात आणि साताऱ्यास ह्या विजयाचा आनंद फार मोठा झाला.

ह्या दोन विजयांच्या मध्ये त्यांच्या घरात काय घडले तेही सांगितले पाहिजे. १७३० च्या ऑगस्टात त्यांची पत्नी रखमाबाई हिला पुत्र झाला आणि त्याच महिन्यात ती वारली. ते मूल आजी राधाबाईंनी वाढविले. तेच पुढे पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी पडलेले सदाशिवरावभाऊ. आप्पांनी पुढे दुसरा विवाह अन्नपूर्णाबाईंशी केला. स्वतः आप्पांची प्रकृती नाजूक होती. छातीचा विकार त्यांस तरुणपणीच जडला होता आणि खोकला त्यांच्या पाठीस कायमचा लागला होता. मोहिमेवर निघालेल्या ह्या सेनापतीबरोबर औषधेही निघत, हे लक्षात ठेवूनच वसईचा पुढील वृत्तांत वाचावा.

वसई पोर्तुगीजांकडे कशी आली ते आपणा वसईकरांस ठाऊक आहेच. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने ती त्यांस दिली. पुढील दोन शतकांत त्यांनी येथे दगडी कोट बांधला, चर्चे आणि मठ उभारले आणि वसई ही त्यांच्या उत्तर फिरंगाणाची राजधानी केली. गोव्याखालोखाल त्यांचे वैभव येथे होते. त्या राज्यात हिंदूंच्या देवस्थानांची आणि धर्माचारांची मोठी कोंडी झाली. साष्टी आणि वसई प्रांतांतील तक्रारी पुण्यास पोहोचविण्याचे काम अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे बंधू यांनी वर्षानुवर्षे केले. फौजेला वाटा, उतार आणि माणसे ह्यांची माहिती त्यांनी पुरविली.

मोहिमेस आरंभ १७३७ च्या वसंतात झाला. ठाण्याचा कोट पोर्तुगीज तेव्हा अजून बांधीतच होते. तो पुरा होण्यापूर्वीच मराठ्यांनी घेतला आणि साष्टी हाती आली. अर्नाळ्याचे बेटही त्याच वर्षी मिळाले. वसईवर मात्र शंकराजी केशव फडके यांच्या मोर्चांना यश येईना. इतक्यात निजाम उत्तरेत निघाला. बाजीराव भोपाळकडे गेले आणि त्यांच्या पाठीवर नासिरजंग चालून जाऊ नये म्हणून आप्पांस खानदेशात तापीकाठी वरणगाव येथे फौजेनिशी बसावे लागले. भोपाळला विजय बाजीरावांचा झाला आणि इतिहासात तो त्यांच्याच नावे लिहिला गेला, तोही योग्यच. पण तापीकाठचा तो पहारा नसता, तर निकाल काय लागला असता ह्याचा विचार वाचकांनीच करावा.

१७३८ च्या अखेरीस आप्पा स्वतः कोकणात उतरले. त्यांनी वसईवर एकदम उडी घातली नाही. जानेवारी १७३९ मध्ये प्रथम केळवे-माहीम आणि नंतर तारापूर घेतले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर हा पेशव्यांचा जिवलग सरदार पडला. त्याच्या मातेस पेशवेघराण्याकडून सांत्वनाचे पत्र गेले. ते आजही वाचणाऱ्याचे डोळे ओले करते. त्यानंतर दक्षिणेस वेसावे आणि खाडीपलीकडील धारावीचा डोंगरी कोट हस्तगत झाला. हा धारावीचा कोट म्हणजे भाईंदरच्या पश्चिमेस उत्तनजवळ आहे. तो हाती येताच वसईची खाडी दोन्ही काठांनी आवळली गेली. दर्यात मानाजी आंग्रे यांची गलबते होतीच. अशा रीतीने सुमारे सहा आठवड्यांत वसई चहूकडून एकटी पडली.

आता मुखपृष्ठावरील चित्राकडे पुन्हा पाहावे. चित्रातील ही बाजू दक्षिणेची, खाडीची. येथून किल्ला घेणे कोणासही शक्य नव्हते. पाणी, चिखल, तिवरांचे रान आणि त्यापुढे उभा तट. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस दलदल. मनुष्याच्या पायांस घट्ट जमीन मिळते ती फक्त उत्तरेस, आणि तीही वाळूची. म्हणून पोर्तुगीजांनी आपले मजबूत बुरूज त्या बाजूस ठेवले होते. त्यांतील रेमेदियुस आणि सेबास्तियन ह्या दोन बुरुजांसमोर मराठ्यांचे मोर्चे लागले. १७३९ च्या फेब्रुवारीत वेढ्यास आरंभ झाला. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे हेही येऊन मिळाले.

वाळूत खंदक खणणे म्हणजे काय, हे आपल्या वाडीत विहीर खणलेल्या कोणासही सांगावयास नको. वरून वाळू ढासळते आणि खालून पाणी लागते. त्यातून भुयार बुरुजापर्यंत न्यावयाचे, तेथे दारूची पिंपे ठेवावयाची, आणि हे सर्व तटावरून बंदुका, दारूची मडकी आणि दगड ह्यांचा वर्षाव चालू असताना. पोर्तुगीजही शूर होते. आतून उलट भुयारे खणून ते सुरुंग निकामी करीत. त्यांचा किल्लेदार वेढ्यात मारला गेला, तरी त्याच्या जागी आलेल्या काएतानु द सौझ याने लढाई सोडली नाही. मुंबईच्या इंग्रजांकडे त्यांनी साहाय्य मागितले. इंग्रजांनी पंधरा हजार रुपये दिले, तेही चर्चमधील चांदी गहाण ठेवून घेऊन. इंग्रजांचा हा व्यवहार पुढे आपल्याही वाट्यास येणार होता.

वेढा लांबत चालला तशा दोन चिंता आप्पांपुढे उभ्या राहिल्या. पहिली उत्तरेची. इराणचा नादिरशहा १७३९ च्या मार्चात दिल्लीत शिरला होता. तो दक्षिणेकडे वळल्यास त्यास अडविण्यासाठी बाजीरावांस फौज हवी होती आणि ती फौज वसईच्या वाळूत अडकून पडली होती. दुसरी चिंता आभाळाची. मे महिना लागला होता. पहिला पाऊस पडला की खंदक पाण्याने भरणार, दारू भिजणार, तीन महिन्यांचे श्रम वाया जाणार आणि पोर्तुगीजांस गोव्याहून नवी मदत येण्यास अवकाश मिळणार. वसई घ्यावयाची ती पावसापूर्वीच, अन्यथा पुढील वर्षी सर्व पुन्हा आरंभापासून.

तोफेची ती गोष्ट ह्याच दिवसांची म्हणून सांगतात. किल्ला हाती येत नसेल, तर निदान आपले मस्तक तरी तोफेतून किल्ल्यात उडवून द्यावे, असे आप्पा आपल्या सरदारांस म्हणाले, अशी ती कथा. मी शिक्षक असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात हा प्रवेश किती वेळा बसविला असेल ह्याची मोजदाद नाही. पुठ्ठ्याची तोफ करावयाची आणि सर्वांत मोठा आवाज असलेल्या मुलास आप्पा करावयाचे. आता वाटते की, आपण चुकीचा मुलगा निवडीत होतो. पेशवे दप्तरातून निवडून छापलेले ह्या मोहिमेचे कागद वाचले म्हणजे आप्पांचे वेगळे रूप दिसते. दारू किती उरली, पैका कोठून यावयाचा, कोणता मोर्चा किती पुढे सरकला, ह्यांचीच चिंता त्या कागदांत पानोपानी आहे. खोकला अंगी मुरलेला, बत्तीस वर्षांचा, हिशेबी पुरुष होता तो. मोठा आवाज काढण्याइतका श्वास त्याच्याजवळ होता की नाही, ह्याचीच शंका येते.

१३ मे १७३९ रोजी सुरुंगांस बत्ती देण्यात आली. बुरूज फुटला आणि मराठे खिंडारात घुसले. परंतु सर्व सुरुंग एकाच वेळी उडाले नव्हते. मागाहून उडालेल्या एका सुरुंगाने खिंडारात चढलेले मराठ्यांचेच शेकडो लोक उडाले. तरी मागचे लोक थांबले नाहीत. बुरुजावर निशाण लागले, पण आतील तोफांचा मारा चालूच होता आणि झुंज पुढेही चालू राहिली. अखेर १६ मे रोजी पोर्तुगीजांनी शरणागतीची बोलणी करून तह केला. ग्रँट डफ याने मराठ्यांच्या बाजूस पाच हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली आणि पोर्तुगीजांची आठशे, असे आकडे दिले आहेत. पाच हजार! त्यांपैकी किती जणांची नावे आपणांस ठाऊक आहेत? वीस-पंचवीस सरदारांची असतील. भुयारात पुढे बसून वाळू उपसणाऱ्याचे एकही नसेल.

येथे थोडे अप्रिय लिहितो, वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. वसई तालुक्यातील निरनिराळ्या ज्ञातींच्या स्मरणिका मी हौसेने जमवितो. त्यांपैकी चार स्मरणिकांत, किल्ल्याचे दार उघडून दिले ते आपल्याच पूर्वजांनी, असे ठामपणे लिहिलेले मला आढळले. आमच्या स्मरणिकेतही पूर्वी एकदा तसे लिहिले गेले होते. किल्ला सुरुंगाने फुटला. दार कोणीच उघडले नाही. येथील सर्व ज्ञातींची माणसे त्या वाळूत होती, कोणी हातात कुदळ घेऊन, कोणी डोक्यावर पाटी घेऊन, कोणी होडी वल्हवीत, एवढे म्हणणे सत्यास धरून होईल आणि आपणा सर्वांस तेवढा मान पुरेसा आहे.

विजयानंतर आप्पा कसे वागले, हे मला वेढ्याहूनही महत्त्वाचे वाटते. पाच हजार माणसे गमावलेली फौज खिंडारात उभी असताना शहर लुटीस सोडणे ही त्या काळची सरसहा रीत होती. आप्पांनी तसे होऊ दिले नाही. किल्ल्यातील शिबंदीस शस्त्रांनिशी आणि वाजंत्रीनिशी मानाने बाहेर पडू दिले, रहिवाशांस आपली चीजवस्तू नेण्यास आठ दिवसांची मुदत दिली, आणि जे मागे राहतील त्यांस आपला धर्म आचरण्याची मोकळीक तहाने दिली. मुदत संपल्यावर मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मराठ्यांचे निशाण किल्ल्यावर रीतसर चढले. आपल्या शेजारच्या ख्रिस्ती बांधवांची घरे, त्यांच्या वाड्या, आपल्याच बोलीच्या जवळची त्यांची बोली ही सर्व ह्या भूमीत आज नांदत आहेत, त्याचा एक धागा त्या तहनाम्यापर्यंत जातो. किल्ल्यातील एका जुन्या चर्चमध्ये संत गोन्सालो गार्सिया ह्या वसईच्याच सुपुत्राचा सण आजही होतो. हा गोन्सालो येथे जन्मला आणि १५९७ साली जपानात नागासाकी येथे क्रूसावर मारला गेला.

चर्चांतील घंटा मात्र गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हे साल आहे. भीमाशंकर आणि मेणवली येथेही अशा घंटा आहेत. विजयाची खूण म्हणून त्या नेल्या. आज त्या देवळांत निनादतात ते ऐकून आपणांस अभिमान वाटतो आणि तो वाटण्यात काही गैर नाही. परंतु ज्यांच्या मनोऱ्यांवरून त्या उतरविल्या त्यांस काय वाटले असेल, हेही मनात यावे इतके आपण आता दूर आलो आहोत. आप्पांनी वज्रेश्वरीस नवस केला होता आणि विजयानंतर तो फेडण्यासाठी देऊळ उभारले गेले, ही हकीगत सर्वांच्या परिचयाची आहे. तिचा विस्तार करीत नाही.

विजयाचा आनंद आप्पांस फार दिवस लाभला नाही. जुलै १७३९ मध्ये मुंबईच्या इंग्रजांचा वकील कॅप्टन इंचबर्ड वसईस येऊन त्यांच्याशी तह करून गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात घरचे दुःख उभे राहिले. बाजीरावांच्या मस्तानीविषयी कुटुंबात असलेला रोष विकोपास गेला आणि बाजीराव मोहिमेवर असताना आप्पांनी व पुतण्या नानासाहेब यांनी मस्तानीस नजरकैदेत ठेविले. शाहू महाराजांस हे पसंत नव्हते. बाजीरावांचे मन दुखवू नये असाच त्यांचा अभिप्राय होता. आप्पांच्या चरित्रात मला न आवडणारे असे हे एकच प्रकरण आहे. धर्मशास्त्राची आणि कुळाची काळजी त्यांस होती, हे खरे. पण शत्रूच्या शिबंदीस ज्याने मानाने वाट दिली, त्याने भावाच्या घरातील स्त्रीस बंदीत घालावे, ह्याचा मेळ मला आजवर बसविता आलेला नाही. चरित्र लिहावयाचे तर हे झाकून चालणार नाही.

भावाभावांची पुन्हा भेट होऊन सर्व मिटण्यास अवकाशच मिळाला नाही. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचा ज्वराने अंत झाला.

आता आप्पांच्या आयुष्यातील ती गोष्ट येते, जिच्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला. पेशवेपद रिकामे झाले होते. नानासाहेब एकोणीस वर्षांचे. आप्पा तेहतीस वर्षांचे, अमझेऱ्याचे आणि वसईचे विजेते, दरबाराची वीस वर्षे माहिती असलेले. साताऱ्यास विरोधकही तयार होते. रघूजी भोसले यांनी बाबूजी नाईक बारामतीकरांचे नाव पुढे केले होते. अशा वेळी आप्पांनी स्वतःसाठी शब्द टाकला असता, तर तो हट्ट कोणास अनुचित वाटला नसता. त्यांनी पुतण्यास बरोबर घेतले, साताऱ्यास नेले आणि त्या पावसाळ्यात शाहू महाराजांकडून त्यास पेशवाईची वस्त्रे देवविली. त्यांचा स्वतःचा मुलगा सदाशिव त्या वेळी दहा वर्षांचा होता. त्याच्यासाठीही त्यांनी वेगळे काही मागून घेतले नाही. त्यानंतर पोर्तुगीजांशी राहिलेला व्यवहार पुरा करून चौल-रेवदंड्याचे ठाणे मराठ्यांकडे आणले. मग अंथरूण धरले. १७ डिसेंबर १७४० रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. अन्नपूर्णाबाई सती गेल्या. पुण्यास मुठेकाठी ओंकारेश्वराजवळ आप्पांची समाधी आहे. देवळात जाणारे पुष्कळ असतात. समाधीपाशी क्षणभर थांबणारे थोडे.

आपल्या ज्ञातीत वाड्यांच्या वाटण्यांवरून सख्खे भाऊ कोर्टात उभे राहिलेले मी पाहिले आहेत. नारळीच्या दोन झाडांवरून काका-पुतण्यांचे बोलणे तीस वर्षे बंद राहिलेले घर माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याचे होते. आणि पेशव्यांचे घर तरी त्यास अपवाद कोठे राहिले? आप्पांनी पुतण्यास गादीवर बसविल्यानंतर तेहतीस वर्षांनी, १७७३ साली, त्याच घरात दुसऱ्या एका काकाच्या पक्षाने नारायणराव ह्या पुतण्याचा शनिवारवाड्यात खून केला. तो काका म्हणजे रघुनाथराव, बाजीरावांचाच मुलगा. पेशवाई मिळावी म्हणून त्याने १७७५ साली सुरत येथे इंग्रजांशी तह केला. त्या तहात त्याने मोबदला म्हणून काय लिहून दिले असेल? वसई आणि साष्टी! सख्ख्या चुलत्याने पाच हजार माणसे खर्ची घालून मिळविलेले ठाणे पुतण्याने कागदाच्या एका ओळीत देऊन टाकले. ओळीने किल्ला मिळत नाही म्हणून डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडर्ड याने वेढा घालून तो घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत आली, साष्टी मात्र आली नाही. आणि पुढे ह्याच रघुनाथरावाचा मुलगा दुसरा बाजीराव हा यशवंतराव होळकरांस भिऊन पुण्याहून पळाला, तो इंग्रजांच्या आश्रयास वसईसच आला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी येथेच त्याने तैनाती फौजेचा तह केला. इतिहासात वसईचा तह म्हणतात तो हाच. परीक्षेस तो हमखास विचारला जातो आणि मुले तो पाठ करतात. त्यापूर्वी त्रेसष्ट वर्षे त्याच गावी झालेला दुसरा तह कोणी विचारीत नाही.

१८१८ नंतर किल्ल्यास कोणाचीच आवश्यकता उरली नाही. छपरे पडली, लाकूड गेले, दगड गेले आणि झाडांनी हळूहळू तट आपल्या हाती घेतला. चित्रकारांस आवडणारा किल्ला तो हाच. त्या कन्येचा ह्यात दोष काही नाही. जे दिसते ते तिने काढले, आणि प्रामाणिकपणे काढले.

हा लेख लिहून होत आला असता मी तिला आणि तिच्या वडिलांना एका रविवारी सकाळी किल्ल्याच्या उत्तरेच्या बाजूस घेऊन गेलो. तिकडून आत येणारा रस्ता आता डांबरी आहे, रिक्षा येतात-जातात, सुटीच्या दिवशी सहलीची गर्दी असते. सेबास्तियनचा बुरूज कोठे होता, मोर्चे कोणत्या बाजूने आले असतील, हे मी मला समजले तसे काठीने जमिनीवर रेघा ओढून दाखविले. तिने वाळू मुठीत घेऊन पाहिली आणि ह्यात भुयार कसे टिकले असेल, असे विचारले. फळ्यांचा आधार द्यावा लागला असेल, असे तिच्या वडिलांनी सांगितले. ते गवंडीकामातले जाणकार आहेत. नंतर ती तेथेच एका दगडावर कागद घेऊन बसली. आम्ही दोघे सावलीत थांबलो. दुपारपर्यंत आकाश आणि खिंडाराची कड एवढेच काढून झाले होते. स्मरणिका छापावयास द्यावयाची मुदत त्याच आठवड्यात संपत असल्याने ते दुसरे चित्र ह्या अंकात येऊ शकले नाही.